वाटणी आधी, भाव मागाहून : हैदराबादेत राहणाऱ्या कोकणातल्या खातेदारांचे मागणीपत्र

प्रति,
महसूल व वन विभाग, महाराष्ट्र शासन;
जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमी अभिलेख, पुणे;
जिल्हाधिकारी, रत्नागिरी व सिंधुदुर्ग;
आणि आमच्या गावांच्या ग्रामपंचायती.

विषय : किनाऱ्यावरच्या गावांतली घरे, आगरे, भातशेती आणि तिथे राहू पाहणाऱ्यांचे भवितव्य.

महोदय,

आमच्या कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात. गावकार एकेक मागणे मोठ्याने म्हणतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत दुजोरा देतात. देवाने कोणते काम कोणत्या तारखेपर्यंत करायचे, हे गाऱ्हाण्यात कधी नसते. शासनापुढेही आम्ही आजवर असेच गाऱ्हाणे घालत आलो. हे पत्र तसे नाही. मागणीमागचे कारण दिले आहे, कायदा जिथे आधीच आमच्या बाजूने आहे तिथे तो दाखवला आहे, आणि आमच्या हातून काय बिघडले तेही झाकलेले नाही.

आम्ही कोण, ते आधी सांगतो. हैदराबादेत मराठी माणूस नवा नाही, पण तो बहुतेक मराठवाड्याचा. 1956 पर्यंत त्याचे गाव याच राज्यात होते. कोकणातले आम्ही इथे मूठभर; त्या मूठभरांची ही संघटना. जुनी पिढी ईसीआयएल आणि भेलच्या नोकऱ्यांमुळे आली, मधली औषधांच्या कारखान्यांत लागली, नवी गच्चीबावलीच्या काचेच्या इमारतींत बसते. मुंबईचा माणूस रात्री गाडीत बसला की सकाळी गावात उतरतो. आमचे तसे नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सिकंदराबाद-वास्को गाडी सुरू झाली, ती आठवड्यातून दोनदा. मडगावला उतरायचे, तिथून कोकण रेल्वेने वर यायचे. तलाठ्याकडे एक कागद द्यायचा तर आमची आठवड्याची रजा जाते, आणि तलाठी त्या दिवशी दुसऱ्या सजात, म्हणजे दुसऱ्या गावगटात, असतो. त्याचा दोष नाही, त्याच्याकडे दोन-तीन सजे असतात. पण रजा आमची जाते.

आता गावाविषयी. जमिनीचे दलाल आमच्या गावांची जाहिरात करतात तेव्हा हमखास एक शब्द वापरतात : 'शांत'. शांत समुद्रकिनारा, शांत वाडी, शांत आयुष्य. ही शांतता आली कुठून? 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. देश वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. 2011 मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या. मुलींच्या जन्माचे कौतुक म्हणून हा आकडा सांगण्याची रीत आहे, पण त्याचा साधा अर्थ पुरुष परगावी गेले एवढाच आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला काही वर्षांनी एकदा गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहतो आणि मग परत येतो. आमच्या वाड्यांची गावपळण कौल न घेताच झाली, आणि परत यायचा दिवस कोणी ठरवलाच नाही.

तेव्हा दलाल विकतात ती शांतता आमच्याच गैरहजेरीची आहे. हे वाक्य बैठकीत वाचले तेव्हा आमच्यातले काही जण दुखावले. तरी ते पत्रात ठेवायचे ठरले.

भावाबद्दलही स्पष्ट बोललेले बरे. 3 ऑगस्ट 2023 ला हैदराबादच्या कोकापेटमध्ये सरकारी लिलावात एकराला 100 कोटींच्या वर बोली गेली. त्या दिवसापासून आमच्यातल्या प्रत्येकाला गावचा कातळ कोकापेटसारखा दिसू लागला. पण हैदराबादेत एवढी वर्षे काढली म्हणून आम्ही दुसरी बाजूही पाहिली आहे. माधापूर, गच्चीबावली, कोकापेट ही एकेकाळी गावे होती, तिथे शेतकरी होते. पहिल्या फेरीत ज्याने विकले त्याला शंभर कोटी मिळाले नाहीत. भाव येतो तो सहसा पहिल्या मालकाच्या पदरात पडत नाही. आणि कोकापेटला शेजारी हैदराबाद होते. आमच्या गावाला शेजारी समुद्र आहे, ज्याच्या काठावर कायद्याने बांधता येत नाही आणि निसर्गाने टिकत नाही. कोकणातही हा खेळ होऊन गेला आहे. राजापूर तालुक्यात नाणारला तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी 2017 मध्ये अधिसूचना निघाली, 2019 मध्ये ती मागे घ्यावी लागली. त्याच्या आगेमागे बाहेरच्यांनी जमिनी घेऊन ठेवल्याच्या तक्रारी जाहीरपणे झाल्या. प्रकल्प चांगला की वाईट यावर आमच्यात एकमत नाही आणि या पत्राचा तो विषयही नाही. पण बातमी बाहेरच्याला आधी आणि खातेदाराला शेवटी कळते, यावर मात्र आमचे एकमत आहे.

म्हणून भाव वाढवून द्या, बिनशेती सोपी करा, किनारा मोकळा करा अशी एकही मागणी यात नाही. आमचे म्हणणे एवढेच की आमची जमीन आज विकायलाही धड नाही आणि कसायलाही धड नाही, कारण ती नेमकी कोणाची हे कागदावर ठरलेले नाही.

एका सभासदाचा सातबारा आम्ही बैठकीत वाचला. खात्यावर पणजोबा धरून तिघा भावांची नावे, त्यांतल्या एकापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हे मॅनेजर वारून चाळीसहून जास्त वर्षे झाली. त्यांच्यानंतरच्या दोन पिढ्या मुंबई, बडोदे, हैदराबाद, मस्कत अशा पसरल्या आहेत. इतर हक्काच्या रकान्यात एका सोसायटीचा बोजा आहे, तो केव्हा फिटला हे कोणालाच ठाऊक नाही. एकूण क्षेत्र चार ठिकाणी मिळून एकरभर. त्यात माडाचे आगर आहे, दोन कुणगे भाताचे, थोडे वरकस, आणि घर. घरात एक विधवा काकू राहतात. मागच्या पडवीचे वासे कुजले आहेत, पण दुरुस्तीला हात कोणी लावायचा? जो खर्च करील तो उद्या हक्क सांगेल, अशी प्रत्येकाला भीती. म्हणून कोणीच करीत नाही.

शासन नावे बदलण्यात मागे नाही. 2024 मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. 2025 मध्ये आमच्यासारख्या परगावी गेलेल्यांना 'चाकरमानी' म्हणू नका, 'कोकणवासीय' म्हणा असे ठरले. दोन्ही बदल आम्हांला मान्य आहेत. आमच्या तोंडी तलाठीच येतो, त्याला इलाज नाही. एवढ्याच तत्परतेने सातबाऱ्यावरचे मेलेल्या माणसाचे नाव बदलले जावे, ही आमची

पहिली मागणी. एप्रिल 2025 पासून शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर घेतली, मयत खातेदारांच्या वारसांची नोंद करायला. मोहीम योग्यच आहे. पण ती गावात राहणाऱ्याला धरून आखलेली आहे. चौकशीला तलाठी घरी येतो तेव्हा घराला कुलूप असते. वारसांपैकी जो गावात आहे तो आपली आठवतील ती नावे सांगतो, आणि त्याला नेमक्या आत्या आठवत नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ची, महाराष्ट्राची स्वतःची दुरुस्ती त्याच्याही आधी 1994 ची, आणि मुलीचा हक्क जन्मानेच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 ला निःसंदिग्ध सांगितले. तरी वारस तपासात 'बहिणींनी हक्क सोडला आहे' हे वाक्य तोंडी चालते. तेव्हा परगावच्या वारसांना दूरचित्रसंवादाने जबाब देता यावा, आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र समोर असल्याशिवाय एकही लेक वगळली जाऊ नये.

वारस नोंद झाली की काम संपत नाही, उलट खाते आणखी लांबते. तीन नावांची एकतीस होतात. म्हणून त्याच दमात वाटणी हवी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराला संमतीने वाटप करून देता येते, आणि त्यासाठी लागणारा मुद्रांक नाममात्र आहे. अडते ते खाली. सगळे हिस्सेदार एका दिवशी एका जागी येत नाहीत, आणि आले तरी मोजणी होऊन पोटहिस्से पडेपर्यंत पुढची पिढी येते. सगळे एका जागी येतात ते फक्त गणपतीत. त्या दिवसांत गावागावांत वाटणी शिबिरे ठेवा असे आम्ही सुचवणार होतो. मग लक्षात आले की तलाठीही कोकणातलाच, त्याच्याही घरी गणपती. तेव्हा गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावरचे चार दिवस आणि राहिलेल्या कामांसाठी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातले चार दिवस, असे वर्षातून दोनदा शिबिर व्हावे. तहसीलदार, भूमी अभिलेखचा भूकरमापक आणि दुय्यम निबंधक तिघे एका मांडवात बसावेत. अर्ज, संमती, मोजणीची तारीख आणि फेरफाराची नोटीस तिथेच.

यात तुकडेबंदीची अडचण येते. ऑगस्ट 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठ्यांवर आणले. देशावरच्या शेताला ते लहान वाटेल. माड-पोफळीच्या आगराला 10 गुंठे ही मोठी गोष्ट आहे. चार गुंठ्यांचे आगर नीट शिंपले तर एका म्हाताऱ्या बाईचा मीठ-मिरचीचा खर्च चालवते. जमिनीचे तुकडे होऊ नयेत हा 1947 च्या कायद्याचा हेतू आम्हांला कळतो. पण इथे तुकडा टाळण्याच्या नादात अख्खी जमीन पडीक राहते. किनारपट्टीतल्या आगरांना आणि घरठाणांना वारसांच्या आपसांतल्या वाटणीपुरती सूट द्यावी. बाहेरच्याला तुकडा विकण्यावरची बंदी आहे तशी राहू द्या.

हैदराबादेत राहतो म्हणून तेलंगणाचा एक धडा इथे सांगावासा वाटतो. 29 ऑक्टोबर 2020 ला इथे 'धरणी' आले. तहसीलदारापुढे खरेदीखत झाले की त्याच बैठकीत फेरफार. आम्ही थक्क झालो होतो. पुढे कळले की आधीच्या नोंदीत चूक असेल तर ती दुरुस्त करायची वाट धरणीत नीट ठेवलेलीच नव्हती, आणि माणसे वर्षानुवर्षे अडकली. शेवटी 2025 मध्ये 'भूभारती' कायदा आणून ते बदलावे लागले. वेग हवा, पण दुरुस्तीचे दार उघडे ठेवून. आमच्या शिबिरात झालेल्या वाटणीवर तालुक्याच्या ठिकाणीच आणि ठरलेल्या मुदतीत अपील ऐकले जावे.

दुसरी मागणी छोटी वाटेल, पण दलालांना तीच सर्वांत जास्त झोंबेल. सामाईक खात्यावर दलालाचा डाव ठरलेला असतो. एकतीसांपैकी जो सर्वांत अडचणीत आहे त्याला गाठायचे, त्याचा अविभक्त हिस्सा स्वस्तात घ्यायचा, आणि मग खात्यात पाय रोवून बाकीच्यांना हैराण करायचे. आमच्या एका सभासदाला आपल्या जन्मघरात परका हिस्सेदार आल्याचे कळले ते फेरफार मंजूर झाल्यावर. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस लागते हे खरे. पण रोज सकाळी चहा घेताना चावडी उघडून बघणारा माणूस आम्हांला अजून भेटलेला नाही.

कायदा इथे आमच्या बाजूने आहे, हे आम्हांलाही उशिरा समजले. राहत्या घरात अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरच्यांबरोबर ताबा मागता येत नाही, असे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 44 सांगते. असा परका घराची वाटणी मागायला न्यायालयात गेला, तर त्याचा हिस्सा घरच्यांना योग्य किमतीत विकत घेता येतो. ही सोय 1893 च्या विभाजन कायद्यात आहे. आणि पहिल्या वर्गाच्या वारसांत एकाला विकायचे असेल तर बाकीच्यांना पहिला मान, हे हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम 22. ते शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये बाबू राम विरुद्ध संतोख सिंग या खटल्यात ठरवले. एवढे हक्क असून त्यांची आठवण दुय्यम निबंधकाच्या टेबलावर कोणी करून देत नाही. आमची मागणी : अविभक्त हिश्शाचे खरेदीखत नोंदण्यापूर्वी बाकीच्या खातेदारांना मोबाइलवर आणि टपालाने कळवावे, आणि तीस दिवस थांबावे. त्या मुदतीत कोणी घेतो म्हणाला नाही, तर विकणाऱ्याला मोकळे सोडा. अडचणीतल्या भावाला कायमचे बांधून ठेवायची आमची इच्छा नाही.

तिसरी मागणी कसण्याविषयी. या एका विषयावर आमच्या बैठका सर्वांत लांबल्या.

हैदराबादेतून आम्ही भात लावू शकत नाही. गावात कसणारे आहेत, थोडे का असेनात. मग जमीन त्यांना का देत नाही? उत्तर एका शब्दात आहे : कूळ. कोकणात खोतीने, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या सत्तेने, माणसाचे काय केले हे आम्हांला शिकवायला नको. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून वर्षानुवर्षे संप केला, 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, 1949 च्या कायद्याने खोती गेली, आणि 1948 च्या कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला. ते न्याय्यच झाले. आमच्यातल्या काहींची जमीन त्या कायद्यात गेली आणि काहींना त्या कायद्यानेच मिळाली; दोघेही आज एकाच बैठकीत शेजारी बसतात. पण त्या तारखेची भीती तिसऱ्या पिढीतही गेलेली नाही. वर्षाच्या बोलीने कोणाला कुणगा दिला आणि पीक पाहणीत त्याचे नाव लागले तर? म्हणून मालक देत नाही, कसणारा मागत नाही, आणि मळा पड राहतो.

पड राहिलेला मळा ही एकट्या मालकाची बाब नसते. दोन पावसाळ्यांत त्यात रान माजते, रानात डुकरे राहतात, आणि रात्री ती शेजारच्याचे भात उलटेपालटे करतात. शेजारी तिसऱ्या वर्षी लावणी सोडतो. वानरांचे तेच : आगरात माणूस नाही हे त्यांना आमच्या भावकीपेक्षा आधी कळते. एक कुलूप आजूबाजूच्या पाच घरांना गाव सोडायला लावते. हे आम्ही परगावच्या मालकांनी मान्य केले पाहिजे.

नीती आयोगाने 2016 मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला. त्याचा गाभा सोपा आहे. मुदतीने दिलेल्या जमिनीवर कूळहक्क लागत नाही, आणि कसणाऱ्याला त्या मुदतीत कर्ज, विमा, भरपाई स्वतःच्या नावाने मिळते. किनाऱ्याच्या तालुक्यांसाठी याच धर्तीवर मराठीतला एक पानी भाडेपट्टा तयार करावा. मुदत भाताला तीन वर्षे, आगराला सात. माड लावल्यावर नारळ दिसायला तेवढा काळ जातोच. नोंदणी ग्रामपंचायतीत व्हावी, शुल्क नसावे. 15 ऑगस्ट 2021 पासून चाललेल्या ई-पीक पाहणीत भाडेपट्टेदाराने स्वतःच्या नावाने पीक भरावे आणि त्यापुढे 'मुदतीचा पट्टा' असा शेरा आपोआप यावा. मालकाची भीती त्या शेऱ्याने जाईल. नुकसानभरपाई मात्र कसणाऱ्याच्याच खात्यात जावी, मालकाच्या नाही. या शेवटच्या वाक्याला आमच्यातल्या दोघांचा विरोध होता. बहुमताने ते राहिले आहे.

भरपाईचा प्रश्न निघालाच आहे तर, 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले आणि दापोलीपर्यंतच्या पोफळी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते. फळबागांना हेक्टरी 50 हजारांची मदत जाहीर झाली. पण आमच्याकडे पोफळी हेक्टरात कोण मोजतो? आणि मदत सामाईक खात्यावर आली की सगळ्यांचे संमतीपत्र हवे. एकतीस सह्या जमेपर्यंत आडवी झाडे कुजून माती झाली. मदत झाडामागे मोजावी, आणि ती राखणाऱ्याला द्यावी.

चौथी मागणी घरांची. केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला आली. ड्रोनने गावठाण मोजायचे आणि घराची मिळकत पत्रिका द्यायची. देशावर घरे गावठाणात दाटीने असतात, तिथे हे ठीक. कोकणातले गाव वाड्यांत विखुरलेले आहे. आमची घरे बहुतेक शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरात, आगरात, डोंगराच्या उतारावर आहेत. ड्रोन गावठाणावरून फिरून जातो आणि खाली वाडीतल्या शंभर वर्षांच्या घराला पत्रिका मिळत नाही. त्याच्याकडे असतो तो ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा. वाड्यांतली घरठाणे स्वामित्वमध्ये घ्या.

समुद्रालगतच्या घरांना आणखी एक गाठ आहे. किनारा नियमनाच्या 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन प्रकार केले. 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2,161 हून जास्त माणसे असतील तर भरतीरेषेपासून 50 मीटर बांधकामबंदी, कमी असतील तर 200 मीटर. दाटी केलेल्या गावाला सवलत आणि विरळ गावाला बंधन, असा हिशेब होतो. तरीही भरतीरेषा सरकवा असे आम्ही म्हणत नाही. देवबागसारख्या ठिकाणी समुद्र आणि खाडी मिळून जमीन कशी खातात ते ज्याने पाहिले आहे तो असे म्हणणार नाही. मागतो ते एवढेच की अधिसूचनेत जुन्या अधिकृत घराच्या दुरुस्तीची आणि आहे त्याच जोत्यावर पुन्हा बांधण्याची जी मुभा आहे, ती प्रत्यक्षात मिळावी. 'अधिकृत' शब्दावर सगळे अडते. 1991 च्या पहिल्या अधिसूचनेआधीचा असेसमेंट उतारा हाच पुरावा धरावा. जोते आणि दर्शनी रूप न बदलता घरगुती पाहुणचार ठेवायचीही त्याच अधिसूचनेत सोय आहे. काकूंसारख्या बाईला दोन खोल्या पाहुण्यांना देऊन चार पैसे मिळतील. ती परवानगी जिल्ह्याच्या गावी खेटे न घालता पंचायतीतून मिळावी.

खारबंधाऱ्यांविषयी थोडक्यात, कारण आमच्यातल्या काहींनाच त्याचा अनुभव आहे, पण आहे तो जिव्हारी लागलेला. खाडीकाठच्या भातशेतीचा जीव बांधावर आणि पाणी सोडायच्या उघाडीवर असतो. खारभूमी विकासाचा कायदा 1979 चा. बांध फुटला आणि वेळेवर बांधला नाही की भरतीचे पाणी शेतात येते, काही वर्षांत कांदळवन उगवते, आणि एकदा ते उगवले की उच्च न्यायालयाच्या आदेशांनी त्याला संरक्षण मिळते. कांदळवन वाचलेच पाहिजे. पण सरकारी बांध न बांधल्यामुळे ज्याचे शेत गेले त्याला शेताची किंमत मिळाली पाहिजे. शिमग्याआधी बांधांची पाहणी आणि पावसाआधी दुरुस्ती, असे वेळापत्रक पंचायतीच्या फळ्यावर लागावे.

नियोजनाविषयी : रेवस-रेडी सागरी मार्गालगत तेरा विकास केंद्रे आणि त्यांत 105 गावे, असे 2024 च्या मार्चमध्ये ठरले. त्यांतली आमची गावे कोणती हे आम्ही वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून शोधत बसलो होतो. नकाशा मराठीत, सर्व्हे नंबरासह, ग्रामसभेत भिंतीवर लावून समजावून सांगावा, आणि हरकतीची मुदत परगावच्या खातेदाराला कळवल्यापासून मोजावी. शेजारच्या गोव्याने 2023 मध्ये भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर कायद्याने बंधन आणले. आपल्याकडे कूळकायद्याचे कलम 63 आहेच, पण शेतकरी असल्याच्या खोट्या दाखल्यांनी ते पोखरले आहे. दाखला देणाऱ्या तालुक्याकडून उलट तपासणी झाल्याशिवाय किनाऱ्यावरची खरेदी नोंदू नये.

गावात राहणाऱ्यांसाठी आम्ही मोठे काही मागत नाही, कारण त्यांनी ते स्वतः मागावे हे बरे. पण आमचे आईबाप तिथे आहेत म्हणून तीनच गोष्टी. आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असावा. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण अजून गोव्याच्या बांबोळीला न्यावा लागतो. पट कमी म्हणून वाडीतली शाळा समूह शाळेत घालायच्या आधी त्या मुलांची पावसाळ्यातली वाट एकदा चालून पाहावी. आणि संध्याकाळची शेवटची एसटी रद्द करू नये.

आता आमच्याकडून. संघटनेच्या सभासदांनी पुढील गोष्टी मान्य केल्या आहेत आणि त्या ग्रामपंचायतींकडे लेखी देत आहोत. वाटणी होईपर्यंत कोणीही सभासद अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकणार नाही. कुलमुखत्यारपत्र दलालाच्या नावे करणार नाही. घरपट्टी थकवणार नाही. ती थकवणाऱ्यांत आमचीच नावे वर आहेत, हे सरपंचांनी आम्हांला तोंडावर सांगितले होते. ज्यांची भातशेती पड आहे ते भाडेपट्ट्याचा नमुना निघेल त्या हंगामात ती कसणाऱ्याला देतील, आणि पहिल्या वर्षी खंड घेणार नाहीत. वाटणीत ज्या घरात कोणी एकटे माणूस राहते, ते घर त्याच्या हयातीत त्याच्याकडेच राहील, मग हिस्से कसेही पडोत. काकूंच्या मागच्या पडवीचे वासे या वर्षी संघटनेच्या खर्चाने बदलतो आहोत. त्यावरून कोणी हक्क सांगणार नाही, असे सर्व हिस्सेदारांनी लिहून दिले आहे. एक सही मस्कतहून यायची राहिली आहे.

या पत्राचे उत्तर श्रावण संपायच्या आत मिळावे. त्यानंतर आम्ही गावात असू, आणि शिबिराला लागणारे सगळे हिस्सेदार एकाच पडवीत सापडतील असे वर्षातले तेवढेच दिवस आहेत. नाही मिळाले, तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही आपापले सातबारे घेऊन तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसू. परतीची गाडी सोडावी लागली तरी चालेल.

आपले,
हैदराबाद व सिकंदराबाद येथे राहणारे रत्नागिरी-सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खातेदार